दापोलीच्या पांगारीचा 'रणजित वर्मा' : शफी इनामदार, ज्यांनी शुक्रवारी रात्री अख्खा देश हसवला

दापोली : आज हातातल्या मोबाईलवर बोट फिरवलं की हसण्याचे शंभर व्हिडिओ समोर येतात. १९८४ साली तसं नव्हतं. टीव्ही गावात एखाद्या घरी असायचा, चॅनेल एकच दूरदर्शन आणि हसायचं म्हटलं तर आठवड्यातला अर्धा तास. शुक्रवारी रात्री नऊ वाजता 'ये जो है जिंदगी' लागायचं. किशोर कुमारच्या आवाजातलं शीर्षक गीत सुरू झालं की माणसं ओटीवरून उठून आत यायची. त्या मालिकेतला नवरा रणजित वर्मा म्हणजे शफी इनामदार.

चेहरा दाखवला तर पन्नाशीच्या पुढचे बहुतेक लोक लगेच ओळखतील. नाव विचारलं तर थोडे थांबतील. आणि हा माणूस आपल्याच दापोली तालुक्यातल्या पांगारीचा, हे सांगितलं तर कित्येकांना नवल वाटेल. जाऊन आता तीन दशकं होत आली. नव्या पिढीला त्यांची ओळख असावी म्हणून हा त्यांच्या कामाचा आढावा.

पांगारी ते डोंगरी

शफी इनामदार यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९४५ चा. सुरुवातीचं शिक्षण गावाकडे झालं आणि पुढे मुंबई. त्या काळात कोकणातल्या घरांची हीच रीत होती. भातशेती चार महिन्यांची, तीही पावसाच्या भरवशावर. घरातला एक तरी माणूस मुंबईला चाकरमानी. ना कोकण रेल्वे होती, ना आजच्यासारखा रस्ता. हर्णै, दाभोळ बंदरातून बोटीने मुंबई गाठायची नाहीतर एसटीचे हाल सोसायचे. तिकडे गेलेला मुलगा गिरणीत, गोदीत किंवा एखाद्या हापिसात चिकटला की घरच्यांना हायसं वाटायचं. नाटकात गेला म्हटलं तर कोणाला आनंद होण्याचं कारण नव्हतं.

शफी डोंगरी-उमरखाडीच्या सेंट जोसेफ शाळेत शिकले. पुढे के. सी. कॉलेजातून विज्ञान शाखेची पदवी, म्हणजे बी.एस्सी. घेतली. तेव्हा बी.एस्सी. झालेल्या मुलाला बरी नोकरी मिळायची. पण वक्तृत्व आणि नाटकाची गोडी शाळेतच लागली होती, कॉलेजात ती वाढली, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी रंगमंचाला दिलं.

चार भाषांचा रंगमंच

डोंगरी भागात एकाच गल्लीत चार भाषा कानावर पडतात. शफी यांना त्याचा उपयोग झाला. त्यांनी मराठीत काम केलं, गुजरातीत केलं, हिंदीत केलं आणि इंग्रजीतही केलं. मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर तेव्हा दिग्दर्शक प्रवीण जोशी यांचं नाव मोठं होतं. त्यांच्या हाताखाली शफी यांना शिकायला मिळालं. इंडियन नॅशनल थिएटर आणि 'इप्टा' या संस्थांशी संबंध आला. १९७० च्या दशकात त्यांनी या वेगवेगळ्या भाषांत तीसच्या वर एकांकिका केल्या. कधी नट म्हणून, कधी दिग्दर्शक म्हणून.

एकांकिकेचा धंदा म्हणजे काय ते गावातल्या नाटकवाल्यांना सांगायला नको. दोन महिने तालीम करायची, प्रयोग एक किंवा दोन, पैसे जवळपास नाहीत. पण हात तिथेच बसतो. कुठल्या शब्दावर थांबायचं, समोरच्याचं वाक्य कसं पूर्ण होऊ द्यायचं, हशा येत असेल तर आपलं पुढचं वाक्य किती रोखून धरायचं, हे तिथेच कळतं. पुढे टीव्हीवर शफी जे सहज करताना दिसले, त्याच्या मागे ही दहा-बारा वर्षांची मेहनत होती.

दिग्दर्शक म्हणून इस्मत चुगताई यांचं 'नीला कमरा' हे त्यांचं सुरुवातीचं महत्त्वाचं नाटक. पुढे जुहूला पृथ्वी थिएटर सुरू झालं आणि मुंबईच्या हिंदी नाटकाला हक्काची जागा मिळाली. शफी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'हम प्रॉडक्शन्स' नावाची स्वतःची नाट्यसंस्था काढली. नट असताना संस्था चालवणं म्हणजे स्वतः नांगर धरायचा आणि बियाण्याची उधारीही स्वतःच फेडायची. तरी त्यांनी ती वाट धरली.

भक्ती बर्वे यांची साथ

याच नाटकाच्या वाटेवर त्यांची आणि भक्ती बर्वे यांची जोडी जमली. भक्ती बर्वे म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'तली मंजुळा. मराठी रंगभूमीवरची पहिल्या रांगेतली अभिनेत्री. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारा चेहरा म्हणूनही त्या घराघरात माहीत होत्या. 'जाने भी दो यारो' या चित्रपटातली संपादक शोभा त्यांनीच केली.

सांगलीची ब्राह्मणाघरची मुलगी आणि दापोलीचा मुसलमान मुलगा, असं हे लग्न. दोघंही कसलेले कलावंत होते आणि दोघांनी आपापलं काम शेवटपर्यंत चालू ठेवलं. भक्ती बर्वे मराठी रंगमंचावर, शफी इनामदार हिंदी-गुजरातीत आणि पडद्यावर.

वर्दीतला हैदर अली

चित्रपटात शफी आले ते तिशी उलटून गेल्यावर. शशी कपूर यांची निर्मिती असलेला 'विजेता' हा त्यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक. दिग्दर्शक गोविंद निहलानी. त्याच निहलानींचा 'अर्धसत्य' १९८३ साली आला आणि हिंदी सिनेमातला पोलीस कायमचा बदलला. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरी यांचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी लोक अजून विसरलेले नाहीत.

त्यात इन्स्पेक्टर हैदर अली आहे. वेलणकरचा वरिष्ठ. डोकं तापलेल्या वेलणकरला सांभाळणारा, खात्यातले छक्केपंजे ओळखणारा, जमेल तिथे मार्ग काढून देणारा. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत असा एक जुना माणूस असतोच, ज्याला सगळं माहीत असतं आणि जो हळू आवाजात सल्ला देतो. शफी यांनी तो माणूस हुबेहूब उभा केला.

या कामाचं कौतुक झालं, पण त्याची किंमतही मोजावी लागली. हिंदी सिनेमावाल्यांना एकदा माणूस वर्दीत शोभला की पुढे तीच वर्दी. पुढच्या काळात अनेक चित्रपटांत ते पोलीस अधिकारी म्हणून आले. 'आज की आवाज', 'नझराना', 'क्रांतिवीर' अशा चित्रपटांत ते दिसले. काम लहान असो की मोठं, पडद्यावर ते उपरे वाटले नाहीत. पण नायक होण्याची संधी सिनेमाने त्यांना दिली नाही. ती दिली टीव्हीने.

शुक्रवार, रात्री नऊ

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला. त्यानंतर जागोजागी दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रं उभी राहायला लागली. १९८४ च्या जुलैत 'हम लोग' सुरू झालं आणि भारतात मालिकांचं युग आलं. त्याच वर्षी 'ये जो है जिंदगी' आली. 'हम लोग' रडवायची, ही हसवायची. निर्माते एस. एस. ओबेरॉय. लेखन शरद जोशी या हिंदीतल्या नावाजलेल्या व्यंगलेखकाचं. दिग्दर्शनात 'जाने भी दो यारो'वाले कुंदन शाह आणि रमण कुमार. प्रायोजक विको. मालिकेला कंपनीने पैसे द्यायचे आणि बदल्यात जाहिरात दाखवायची, ही पद्धत तेव्हा नवीनच होती.

मालिकेची गोष्ट एका ओळीत सांगता येते. मुंबईतलं मध्यमवर्गीय जोडपं. नवरा रणजित, बायको रेणू आणि त्यांच्या घरी येऊन राहिलेला बायकोचा बेकार भाऊ राजा. रेणूचं काम स्वरूप संपत यांनी केलं, राजाचं राकेश बेदी यांनी. सतीश शाह प्रत्येक भागात नवा माणूस बनून यायचे. आज एक, पुढच्या शुक्रवारी दुसराच. आणि टिकू तलसानिया रणजितचा साहेब. एका भागात एक गोष्ट सुरू व्हायची आणि त्याच भागात संपायची. मागचा भाग चुकला तरी काही अडत नव्हतं. हा प्रकार तेव्हा भारतात नवा होता.

कोकणात तेव्हा वीज सगळीकडे नव्हती, आणि होती तिथे डोंगर आडवे. एकाने कौलावर चढून अँटेना फिरवायची, दुसऱ्याने खालून ओरडायचं, की आलं, गेलं, परत आलं. पडद्यावर मुंग्या दिसायच्या. पण त्या मुंग्यांतूनही रणजित वर्मा कळायचा. कारण पगार पुरत नाही, साहेब ऐकत नाही, मेहुणा हलत नाही आणि बायकोपुढे खोटं टिकत नाही, हे दुःख शहरातलं असलं तरी गावात सगळ्यांना ओळखीचं होतं.

हशा दुसऱ्याचा, ताल यांचा

आपल्याकडच्या नमनात लोक संकासुराला हसतात. पण मृदुंगवाल्याचा ताल चुकला तर संकासूर काय करणार? सगळा खेळच पडतो. 'ये जो है जिंदगी'मध्ये ताल धरणारा माणूस शफी इनामदार होते.

जुने भाग आता पाहिले तर हे नीट लक्षात येतं. सतीश शाह नवा वेष घेऊन येतात आणि हशा नेतात. राकेश बेदी धांदल करतात आणि हशा नेतात. टिकू तलसानिया तावातावाने बोलतात आणि हशा नेतात. शफी यांच्याकडे त्यातलं काही नाही. वेष साधा, चष्मा-मिशीची गंमत नाही, तोंड वेडंवाकडं करणं नाही. ते फक्त ऐकतात. समोरचा काहीतरी अचाट बोलला की क्षणभर गप्प राहतात, मान थोडी वळवतात, आणि मग अगदी शहाण्या माणसासारखं उत्तर देतात. त्या क्षणभराच्या शांततेतच हशा तयार होतो. तो क्षण नसता तर बाकीच्यांची गंमत नुसता गोंधळ वाटली असती.

विनोदी काम करताना नटाला मोह आवरत नाही. समोरच्याला टाळी मिळाली की आपणही काहीतरी करून टाळी घ्यावी असं वाटतं. शफी यांनी तो मोह आवरला. म्हणून घरातली माणसं टीव्हीसमोर बसली की त्यांना रणजित हा नट वाटत नसे, शेजारचा भाऊजी वाटे.

आणखी एक गोष्ट. 'अर्धसत्य'मध्ये ते हैदर अली होते, इथे रणजित वर्मा. बघणाऱ्या कोणी त्यांची जात-धर्म काढला नाही. भाषाही अशी स्वच्छ की हा माणूस कोकणातला, की गुजरातेतला, की दिल्लीचा, हे सांगता यायचं नाही. टीव्हीवर त्यांना प्रसिद्धी मिळाली तेव्हा वय झालं होतं ३९. ज्या वयात बरेच जण आता आपलं काही होणार नाही म्हणून गप्प बसतात, त्या वयात.

या मालिकेने पुढच्यांसाठी रस्ता मोकळा केला. कुंदन शाह यांनी नंतर 'नुक्कड' आणि 'वागले की दुनिया' केलं. साधा नोकरदार माणूस टीव्हीवर नायक होऊ शकतो, हे तोवर सिद्ध झालेलं होतं.

गालिबसमोरचा जौक

हसवणारा नट म्हणून शिक्का बसला की गंभीर काम मिळणं कठीण. पण १९८८ साली गुलजार यांची 'मिर्झा गालिब' ही मालिका आली आणि त्यात शफी इनामदार यांना वेगळंच काम मिळालं. नसीरुद्दीन शाह गालिब होते. शफी झाले जौक. जौक म्हणजे बहादूरशहा जफर बादशहाचा उस्ताद, दरबारातला मानाचा शायर आणि गालिबचा प्रतिस्पर्धी.

अशा कामात खलनायक करून टाकणं सोपं असतं. शफी यांचा जौक तसा नाही. आपला मान जपणारा, समोरच्याची ताकद ओळखणारा आणि म्हणूनच आतून अस्वस्थ असणारा मोठा माणूस त्यांनी दाखवला. रणजित वर्माला हसलेले प्रेक्षक या दरबारी पोशाखातल्या माणसाला तेवढ्याच गांभीर्याने पाहत राहिले. 'आधा सच आधा झूठ' आणि शेवटच्या काळातली 'तेरी भी चूप मेरी भी चूप' या मालिकाही त्यांच्या नावावर आहेत.

आई रिटायर होते तेव्हा

टीव्हीने नाव दिलं तरी त्यांनी नाटक सोडलं नाही. मराठीत अशोक पाटोळे यांचं 'आई रिटायर होतेय' हे नाटक आलं. घरासाठी आयुष्यभर राबलेली आई एक दिवस जाहीर करते की आता मी घरकामातून निवृत्त होतेय. बाप नोकरीतून रिटायर होतो, त्याला सगळे हार घालतात, मग आईची सुट्टी कधी? एवढा साधा प्रश्न, पण ऐकणाऱ्याच्या काळजाला लागणारा. शेतावर आणि घरात दोन्हीकडे खपणाऱ्या बायका ज्या घरात आहेत, तिथे तर हा प्रश्न आजही तसाच उभा आहे.

मराठीत ती आई केली भक्ती बर्वे यांनी. हेच नाटक गुजरातीत 'बा रिटायर थाय छे' म्हणून आलं, त्यात पद्माराणी होत्या आणि दिग्दर्शन होतं शफी इनामदार यांचं. एकाच नाटकात बायको मराठी रंगमंचावर आई म्हणून उभी आणि नवरा गुजराती प्रयोग बसवतोय, असा योग क्वचितच येतो. मराठी लेखकाचं नाटक गुजराती घरांत पोचवण्यात दापोलीच्या या माणसाचा मोठा वाटा होता. गुजराती रंगभूमीवर ते नाटक खूप गाजलं.

पहिला आणि शेवटचा चित्रपट

नाटकं बसवणाऱ्या माणसाला एकदा तरी सिनेमा दिग्दर्शित करायचा असतो. शफी यांना ती संधी १९९५ मध्ये मिळाली. चित्रपट 'हम दोनो'. ऋषी कपूर, नाना पाटेकर आणि पूजा भट्ट. नाना मुरुड-जंजिऱ्याचे, शफी दापोलीचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढेही कोकण आणि मागेही कोकण. स्वभावाने अगदी उलट असलेल्या दोन भावांची ही गोष्ट. हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणण्याची हातोटी त्यात दिसते. नाना पाटेकरांचा एरवीचा तापटपणा बाजूला ठेवून त्यांच्यातला मिस्कील माणूस इथे छान वापरला आहे.

वय पन्नास. दिग्दर्शक म्हणून नवी सुरुवात झालेली. इथून पुढे आणखी काही चित्रपट होतील असं कोणालाही वाटलं असतं.

१३ मार्च १९९६

ही तारीख क्रिकेटवाल्यांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. विश्वचषकाचा उपांत्य सामना, कोलकात्याचं ईडन गार्डन, भारत विरुद्ध श्रीलंका. श्रीलंकेच्या २५१ धावा. सचिन तेंडुलकर ६५ वर बाद झाला आणि पुढची फळी पत्त्यासारखी कोसळली. ८ बाद १२० झाले असताना प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली, आणि सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करण्यात आलं. त्या रात्री देशात कित्येक घरांत जेवण गेलं नाही.

त्याच दिवशी हा सामना टीव्हीवर पाहत असताना शफी इनामदार यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि त्यांचं निधन झालं. ज्या टीव्हीने त्यांना घराघरात नेलं, त्याच टीव्हीसमोर ते गेले.

पाच वर्षांनी, १२ फेब्रुवारी २००१ ला भक्ती बर्वेही गेल्या. वाईला कार्यक्रम करून मुंबईला परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. वय ५२. शफी पन्नाशीत गेले, त्याही पन्नाशीतच गेल्या. दोघांचंही काम अर्ध्यावर राहिलं.

मागे काय राहिलं

शफी इनामदार सुपरस्टार झाले नाहीत. त्यांच्या नावावर गल्ला गोळा करणारे चित्रपट नाहीत. पण टीव्हीवर आज जे नवरा-बायको, सासू, मेहुणा, शेजारी असले विनोदी कार्यक्रम चालतात, त्यात एक सरळ माणूस मध्ये उभा करून त्याच्याभोवती बाकीच्यांनी धमाल करायची, हा साचा चार दशकांपूर्वी त्यांनी घालून दिला. 

गावच्या गणपतीत, शिमग्यात, शाळेच्या स्नेहसंमेलनात काम करणारी पोरं दापोली, मंडणगड, खेड, गुहागर सगळीकडे आहेत. त्यातल्या बहुतेकांना नायक व्हायचं असतं, नाहीतर संकासूर. ताल धरायला कोणी पुढे येत नाही. अशा पोरांनी मोबाईलवर 'ये जो है जिंदगी'चा एखादा जुना भाग शोधावा. चित्र थोडं पुसट आहे, रंग उडालेले आहेत. हसवणाऱ्यांकडे बघून झालं की भाग पुन्हा एकदा लावावा, आणि या वेळी जो गप्प उभा राहून ऐकतोय त्याच्याकडे बघावं. तो माणूस पांगारीचा आहे.